अजून नक्षी आहे ना!

बाबा डाव्या बाजूच्या पुढच्या चाकाशी उकिडवे बसले आणि त्यांनी टायरच्या नक्षीतल्या एका गट्ट्यावर अंगठ्याचं नख रोवलं. नख पांढरं पडेपर्यंत दाबून धरलं, मग हात काढून घेतला. रबरावर खूण म्हणून उमटली नव्हती. माझ्याकडे न बघताच ते म्हणाले, "ह्यो टायर नाय गो. लाकूड झालाय."

"पण अजून नक्षी आहे ना," मी म्हटलं.

महिन्याभरापूर्वी गाडी सर्व्हिसिंगला दिली होती तेव्हा तिथला मुलगाही हेच म्हणाला होता. "मॅडम, नक्षी आहे अजून, दोन वर्षं आरामात जातील." मला ते ऐकून बरं वाटलं होतं. टायर गोटा झाला की बदलायचा, नक्षी असेपर्यंत चालवायचा, हे आपल्याकडे लहानपणापासून कानावर पडलेलं असतं. स्कूटरपासून टेम्पोपर्यंत सगळ्यांचा हाच हिशेब. माझ्या टायरची खोली मी स्वतः मोजली होती, चार मिलिमीटर भरली. नवा टायर साधारण आठ मिलिमीटरचा असतो आणि कायद्याची मर्यादा १.६ मिलिमीटर. म्हणजे निम्मा टायर शिल्लक होता.

तरीही त्या दिवशी सकाळी माझी गाडी समुद्राच्या कठड्यापासून हातभर अलीकडे थांबली होती.

मी रत्नागिरीत राहते, कर सल्लागार आहे. मालगुंड-गणपतीपुळ्याच्या काही हॉटेलांचे हिशेब माझ्याकडे आहेत, त्यामुळे आठवड्यातून एकदा आरे-वारेच्या रस्त्यानं जाणं-येणं होतं. जून २०२४ चा दुसरा आठवडा, मिरगाचा पाऊस नुकता लागलेला. पहिल्या पावसातला रस्ता कोकणातल्या माणसाला सांगायला नको. आठ महिने सांडलेलं तेल, चिऱ्याच्या ट्रकांची तांबडी धूळ, सुरूच्या सुया, सगळं एक होऊन डांबरावर साबणासारखं बसलेलं असतं. दोन-चार सणसणीत सरींनी ते धुऊन निघालं की रस्ता बरा होतो. पण पहिली सर धूत नाही, नुसती भिजवते.

मालगुंडहून परत येत होते. खाडीवरच्या पुलाकडे उतरणारं डावं वळण, वेग चाळीसच्या आत. वळणाच्या तोंडाशी दोन म्हशी उभ्या. ब्रेक दाबला. एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा, पायाखाली थडथडायला लागलं. स्टिअरिंग डावीकडे वळवलेलं होतं आणि गाडी मात्र सरळ चालली होती, रस्ता ओलांडून उजव्या कठड्याकडे. समोरून कुणी येत नव्हतं म्हणून मी आज हे लिहिते आहे. गाडी थांबल्यावर काच खाली केली तेव्हा खालच्या लाटांचा आवाज फार जवळून आला. म्हशी हललेल्या नव्हत्या.

बाबा रत्नागिरी डेपोत एकतीस वर्षं ड्रायव्हर होते. निम्मी नोकरी कोल्हापूरच्या फेरीवर, म्हणजे साखरप्यावरून आंबा घाट. गाडी ताब्यात घेताना आधी सहाही चाकांवर लोखंडी दांडा मारून ते आवाज ऐकायचे. टण्ण वाजलं की हवा आहे, भद्द वाजलं की नाही. घरी आल्यावर मी त्यांना सगळं सांगितलं. ते काही बोलले नाहीत, सरळ बाहेर जाऊन टायरशी बसले.

मग मी मोबाइलचा टॉर्च घेऊन टायरच्या बाजूवरचे आकडे वाचले. तिथे डीओटी अशी अक्षरं असतात आणि त्या ओळीच्या शेवटी चार आकडे. काही वेळा ते आतल्या बाजूला असतात, मग गाडीखाली डोकं घालावं लागतं. माझ्या चारही टायरवर ४७१७ होतं. २०१७ सालचा ४७ वा आठवडा, म्हणजे नोव्हेंबर. गाडी मी जानेवारी २०१८ मध्ये घेतली, तेव्हाचेच हे टायर. साडेसहा वर्षांत ३९,००० किलोमीटर. वर्षाला सहा हजार.

हे कमी चालणंच मुळाशी होतं आणि ते माझ्या लक्षात आलं नव्हतं. माझ्या ऑफिसात जुन्या पावत्यांचे गठ्ठे माळ्यावर असतात. दर वर्षी मार्चनंतर आम्ही सात-आठ वर्षांपूर्वीचे गठ्ठे काढून टाकतो. त्यांना लावलेली रबरं हात लावताच तुटतात. काहींचे तर कागदाला चिकटून तुकडे झालेले असतात. सात वर्षांत त्या रबराला कुणी ताणलं नव्हतं, घासलं नव्हतं. ते फक्त हवेत होतं. टायरचंही तसंच आहे. हवेतला प्राणवायू, ओझोन आणि उष्णता मिळून रबराला हळूहळू कडक करतात. कोकणात मार्च ते मे उन्हात उभी गाडी म्हणजे ही शिजवणूक रोजची.

टायर बनवणारे हे जाणून असतात, म्हणून रबरात मेणासारखे पदार्थ घालतात. चाक फिरताना टायर सतत दबतो आणि सुटतो, त्या मळण्यानं मेण हळूहळू पृष्ठभागावर येतं आणि रबराभोवती पातळ कवच धरतं. कधी टायरच्या बाजूवर तपकिरी झाक दिसते ती याचीच. पण गाडी उभी असली की मळणं थांबतं, मेण वर यायचं मंदावतं आणि रबर उघडं पडतं. म्हणजे रोज चालणाऱ्या टॅक्सीचा टायर घासून जातो आणि अंगणात झाकून ठेवलेल्या गाडीचा टायर झिजण्याआधीच म्हातारा होतो. आमच्या गावांतून चाकरमान्यांच्या अशा कितीतरी गाड्या आहेत. गणपतीत आणि शिमग्यात बाहेर निघतात, एरवी ताडपत्रीखाली. दहा वर्षांत वीस हजार किलोमीटर. टायर दिसायला कोरे असतात. त्याच टायरवर पाच माणसं आणि सामान घेऊन भर पावसात मुंबई-गोवा महामार्गाला लागतात. मला हे आता बघवत नाही. बरेच कार उत्पादक सहा वर्षांनंतर टायर बदलायला सांगतात. टायर कंपन्या दहा वर्षं ही शेवटची हद्द मानतात, तीही दर वर्षी तपासणी करून. वापराल तसा, उन्हात ठेवाल तसा फरक पडतो, पण वय मोजायचं असतं ही गोष्ट मात्र खरी.

गाडीबद्दल थोडं सांगते. फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय, तांबडी. चाकणला बनलेली. बाराशे सीसीचं टर्बो इंजिन, १०५ पीएस, आपोआप बदलणारा सात गिअरचा डीएसजी गिअरबॉक्स. २०२२ मध्ये पोलो भारतात बंद झाली, त्यामुळे ही गाडी मी जपते. एवढीशी गाडी आणि एवढी ताकद कशाला, असं लोक विचारतात. शंभरच्या वर जाण्यात मला गोडी नाही आणि आमच्या रस्त्यांवर तशी जागाही नाही. मला ती आवडते घाटात, दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवर, पन्नासच्या आतबाहेर, एका वळणातून दुसऱ्यात शिरताना. तिथे स्टिअरिंगमधून रस्ता हाताला कळतो. इथे खडी सुटली आहे, इथे झऱ्याचं पाणी आडवं वाहतंय, इथून नवं डांबर सुरू. मनात वळायचं आणलं की ती वळते. हे ज्यांनी अनुभवलंय त्यांना मी काय म्हणते ते कळेल.

ही भाषा गेल्या दोन वर्षांत बिघडत चालली होती. गाडी खडखडायची, खड्ड्यातला धक्का कोरडा बसायचा. मी बुश बदलले, शॉकॲब्सॉर्बर तपासले, अलाइनमेंट दोनदा करून घेतली. टायरचा विचार मनात आला नाही, कारण नक्षी होती.

नवे टायर घ्यायचे ठरलं तेव्हा पहिल्यांदा मी व्यवसायानं जडलेली खोड म्हणून कागदावर हिशेब मांडला. एका बाजूला जास्त चालणारा, कडक रबराचा टायर. माझ्या मापात चार टायर साधारण २६,००० रुपये, साठ हजार किलोमीटर सहज. दुसऱ्या बाजूला चिकट रबराचा, स्पोर्टी गाड्यांसाठीचा. चार टायर ३४,००० रुपये, चालणार पस्तीस हजार. किलोमीटरमागे धरलं तर पहिला ४३ पैसे, दुसरा ९७ पैसे. दुप्पटीहून जास्त. दुकानदार हाच हिशेब सांगतात आणि माणूस पहिला टायर घेऊन घरी येतो.

पण माझे सहा वर्षांत छत्तीस हजार किलोमीटरच होणार. साठ हजाराचा टायर मी सहा वर्षांनी, त्यात चोवीस हजार किलोमीटर शिल्लक असताना, वयामुळे काढून टाकणार. जे आयुष्य मी वापरणारच नाही त्याचे पैसे मी कडकपणाच्या रूपानं, रोज, प्रत्येक ओल्या वळणावर मोजणार. चिकट टायर मात्र वयानं म्हातारा व्हायला आणि घासून संपायला एकच गाठ पडणार. दोन्हींतला खरा फरक सहा वर्षांत आठ हजार रुपये. महिन्याला १११ रुपये. वर्षाला पंधरा-वीस हजार किलोमीटर करणाऱ्याचा हिशेब वेगळा येईल, त्यानं टिकाऊ टायर घेतला तर ते बरोबरच आहे. पण कमी चालणाऱ्या गाडीला जास्त टिकणारा टायर घालणं, हे आम्ही कोकणात सर्रास करतो आणि ते उलटं आहे.

रबराची ही गोष्ट मला पटायला आणखी एक कारण होतं. मावशी दोडामार्ग तालुक्यात असते. तिच्या घरापलीकडच्या डोंगरावर केरळहून आलेल्या लोकांनी रबराची लागवड केली आहे. त्यासाठी मूळचं जंगल तुटलं, आणि तो सगळा टापू वाघांच्या येण्याजाण्याचा, त्याचं मला वाईटच वाटतं. पण डिसेंबरातल्या एका पहाटे मी मावशीच्या शेजाऱ्याबरोबर तिथे गेले होते. डोक्याला बॅटरी लावलेला माणूस एकेका झाडाशी थांबून वाकड्या सुरीनं कालच्या तिरक्या चिरेखाली सालीची पातळ, पोस्टकार्डाएवढी जाड पट्टी सोलत होता. चिरेवर पांढरा चीक फुटला, ओघळून पत्र्याच्या पन्हळीतून खालच्या वाटीत थेंब-थेंब पडू लागला. शेडमधे तोच चीक परातीत आम्ल घालून गोठवला होता, लाटून त्याच्या चादरी केल्या होत्या आणि धुरावर टांगल्या होत्या. एका तयार चादरीचा कोपरा मी ओढून पाहिला. मधासारखा रंग, धुराचा वास. ओढला की लांब व्हायचा, सोडला की पाव क्षणात जागेवर. कारच्या टायरमधे हे झाडाचं रबर थोडं आणि कारखान्यातलं जास्त असतं, ट्रकच्या टायरमधे उलट. पण गुण तोच. तो लवचीकपणा आणि बाबांच्या नखाखाली न दबलेला टायर, दोन्ही माझ्या बोटांना ठाऊक आहेत.

टायरची पकड ही त्या परत येण्यातच असते. डांबरातल्या खडीला बारीक टोकं असतात. मऊ रबर त्या टोकांभोवती दबतं आणि जरा उशिरा, सावकाश जागेवर येतं. त्या सावकाशीत जी ऊर्जा जाते तीच पकड. तीच ऊर्जा इंजिनाला पुरवावी लागते म्हणून असे टायर पेट्रोल थोडं जास्त खातात. हा तिढा सोडवायला १९९२ मध्ये मिशेलिननं कार्बन ब्लॅकची, म्हणजे रबरात मिसळतात त्या काजळीची, बरीचशी जागा सिलिकाला दिलेला टायर बाजारात आणला. सिलिकामुळे ओल्या रस्त्यावरची पकड राखून पेट्रोल वाचवता येतं, आणि आज चांगल्या कंपन्यांच्या बहुतेक टायरमधे ती असते. कडक झालेलं रबर खडीवर दबतच नाही. ते टोकांवरून घसरत जातं, ओलं असलं तर जास्तच. माझ्या नक्षीनं त्या दिवशी पाणी बाजूला सारलं असेलही. पण पाणी सरल्यावर रस्ता धरायला रबर उरलं नव्हतं.

मग निवड. माप १९५/५५ आर १६, पुढे ८७ व्ही. रुंदी १९५ मिलिमीटर, बाजूची उंची रुंदीच्या ५५ टक्के, सोळा इंची रिम, एका टायरवर ५४५ किलो वजन, व्ही म्हणजे ताशी २४० किलोमीटरपर्यंतचा. पुण्यातल्या भाच्याचा आग्रह सतरा इंची रिमचा, २०५/४५. दिसायला गाडी फार देखणी दिसते, हे खरं. पण १९५/५५ ची बाजू १०७ मिलिमीटर उंच असते आणि २०५/४५ ची ९२. तो दीड सेंटिमीटर रबर पावसाळ्यात पाण्याखाली लपलेल्या खड्ड्यात रिम वाचवतो. वळवलेल्या रस्त्यांवर, अर्धवट पुलांपाशी डांबर संपून सिमेंट सुरू होतं तिथे जो कंगोरा असतो तो आमच्याकडे गाडी चालवणाऱ्या सगळ्यांना पाठ आहे. दीड सेंटिमीटर मी सोडणार नव्हते.

सोळाच इंचांत रुंद, २०५/५५ बसवा, असंही एकानं सुचवलं. त्यानं चाकाचा व्यास पावणेदोन टक्क्यांनी वाढतो, स्पीडोमीटर तेवढा कमी दाखवतो. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे वजन तेच राहून टायर रुंद झाला की तो साचलेल्या पाण्यावर लवकर तरंगतो. कोरड्यात रुंदी कामाची. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आंबोलीला तर सात हजारांच्या घरात. मूळ माप ठेवलं.

टायरच्या बाजूवर ट्रेडवेअर म्हणून एक आकडा असतो. शंभर हा चाचणीतल्या प्रमाण टायरचा, त्याच्या तुलनेत आकडा जितका मोठा तितका टायर सावकाश झिजतो. कंपनी तो स्वतःच ठरवते, म्हणून दोन कंपन्यांचे आकडे शेजारी ठेवून भांडण सोडवता येत नाही, पण एकाच कंपनीच्या दोन टायरमधे दिशा कळते. मी तीनशेच्या आसपासचा शोधला. दोनशेवाले अतिचिकट टायर कोरड्या ट्रॅकसाठी, त्यांच्यात पाण्याला वाटा कमी. शेजारी ट्रॅक्शनचं अक्षर असतं, एए सर्वात वर, मग ए, बी, सी. ते ओल्या रस्त्यावर सरळ ब्रेक लावून मोजलेलं असतं, वळणावरची पकड त्यात येत नाही. माझी अडचण वळणावरचीच. म्हणून परीक्षणं वाचताना मी फक्त ओल्या वळणाचा भाग वाचायचे. २०२२ मध्ये केंद्रानं टायरसाठी ओल्या पकडीची आणि घरंगळण्याच्या रोधाची, म्हणजे चाक फिरताना वाया जाणाऱ्या ऊर्जेची, कसोटी लावली, ते उत्तम झालं. पण मी गेले त्या दुकानांत ओल्या पकडीचा आकडा कुणीच पुढे केला नाही. तो गिऱ्हाईकाला सर्वात आधी सांगायला हवा असं माझं ठाम मत आहे.

नक्षी मी दोन्ही बाजूंना वेगळी असलेली घेतली, बाजूवर आउटसाइड असं लिहिलेली. बाहेरच्या अंगाला मोठे, भरीव गट्टे, वळताना वजन त्यांच्यावर येतं. आतल्या अंगाला पाणी काढायच्या चऱ्या. मॉडेलचं नाव इथे देत नाही. मॉडेलं बदलतात, आणि तुमचा रस्ता, तुमचं चालणं माझ्यासारखं नसेल.

मनात सगळ्यात आधी बसलेला एक आयात टायर मिळालाच नाही. १२ जून २०२० ला केंद्र सरकारनं कारच्या नव्या टायरची आयात निर्बंधित केली, परवान्याशिवाय आणता येत नाही, आणि आमच्यासारख्या नेमक्या मापांचे पर्याय त्यात आटले. शेवटी इथेच बनलेला निवडला. त्याचं मला काही वाईट वाटलं नाही.

खरा त्रास पुढे झाला. एका दुकानात "अगदी ताजा माल" म्हणून जे टायर काढले त्यांवरचा आकडा दोन वर्षांपूर्वीचा होता. मी तो दाखवला तर उत्तर आलं, "मॅडम, वापरलेला नाही ना!" पावत्यांची रबरंही वापरलेली नव्हती. माझ्या सहा वर्षांतली दोन त्यांच्या गोदामात गेलेली होती. मग कोल्हापूरच्या एका दुकानाला फोन केला, आकड्यांचे फोटो मागवले, तीन महिन्यांपूर्वीचे निघाले, आणि पाऊस उघडलेला बघून जुन्याच टायरवर, अगदी हळू, आंबा घाटातून निघालो. बाबा बरोबर आलेच.

दुकानात त्यांचा-माझा वाद झाला. "दोनच टाक. पुढं नवीन, मागं रिमोल्ड, आमचा कायदाच हाय," ते म्हणाले. रिमोल्ड म्हणजे घासलेल्या टायरवर नवं रबर चढवलेला. एसटीचं त्यांचं बरोबर होतं. बसचं पुढचं चाक एकेकटं, ते फुटलं तर स्टिअरिंग हातातून जातं. मागे जोडचाकं, एक गेलं तर दुसरं भार घेतं. पण छोट्या कारला दोनच टाकायचे असले तर चांगले मागे टाकतात. ओल्यात पुढची पकड सुटली तर गाडी सरळ जाते, पाय सैल केला की बहुतेक वेळा परत येते. मागची सुटली तर गाडी गरकन फिरते आणि ती सावरणं सगळ्यांना जमत नाही. मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी बराच विचार केला, मग म्हणाले, "मंग चारही टाक." चारही टाकायचेच होते.

जुना टायर उतरल्यावर रिमच्या कडेला पांढरी भुकटी दिसली. खारी हवा ॲल्युमिनियमला खाते, तिचीच ती. मुलानं तारेच्या ब्रशनं कड घासून स्वच्छ केली, नवे व्हॉल्व्ह बसवले, साबणपाणी लावून टायर चढवला. हवा भरताना फट्‌, फट्‌ असे दोन आवाज झाले आणि कडा बसल्या. बॅलन्सिंगला दोन चाकांना जेमतेम वजन लागलं. हवा गाडीच्या पेट्रोलच्या झाकणामागच्या पट्टीवर लिहिली होती तेवढीच भरून घेतली. चार पॉइंट जास्त मारायची इथे सवय आहे, त्यानं टायरचा मधला भागच रस्त्याला लागतो.

मग मालकांनी विचारलं, "जुन्यांचे पाचशे-पाचशे देतो. नक्षी आहे अजून." ते सरळ मनानं विचारत होते, असे टायर सगळीकडेच घेतले-विकले जातात. माझ्या डोळ्यांसमोर कुणाची तरी गाडी आली, कर्ज काढून घेतलेली, मागच्या सीटवर पोरं, पाऊस, वळण. बाबांनी तोवर कटर मागून घेतला होता. एकेका टायरच्या बाजूवर त्यांनी दोन-दोन आडवे छेद दिले. रबर कापताना करकरत होतं. मालक गप्प बघत राहिले, मग चौथा टायर त्यांनीच आडवा धरला.

परतताना घाटमाथ्यावर धुकं आणि खाली साखरप्याकडे मुसळधार. नव्या टायरवर साच्यातून सुटायला लावलेल्या द्रव्याचा ओशट थर असतो, पहिले दोन-तीनशे किलोमीटर जपून चालवायचे, म्हणून मी चाळीसच्या वर गेलेच नाही. तरी पहिल्याच वळणात कळलं. हाताला रस्ता पुन्हा कळू लागला होता. धबधब्याचं पाणी आडवं वाहत होतं तिथे स्टिअरिंग किंचित हलकं झालं आणि पलीकडे गेल्यावर पुन्हा जड झालं. ते हलकं होणं मी दोन वर्षं विसरले होते. त्या काळात पाणी आणि डांबर मला एकसारखंच लागत असणार. बाबांचा उजवा पाय नेहमी माझ्या शेजारी बसून हवेत ब्रेक दाबत असतो. दाभोळ्याच्या उतारावर मी सहज बघितलं तर तो पाय स्वस्थ होता.

घरी पोचलो तेव्हा अंधार पडला होता. मी पर्स घेऊन उतरले, बाबा मागे जाऊन उभे राहिले.

"स्टेपनी बघितलीस?"

मी डिकी उघडली, खालचं कार्पेट उचललं. साडेसहा वर्षांत एकदाही न लावलेलं चाक. टायरवर साच्यातले रबराचे बारीक केस अजून तसेच उभे होते. नक्षी पूर्ण, आठच्या आठ मिलिमीटर. टॉर्च मारला, ४५१७. बाबा वाकले आणि त्यांनी अंगठ्याचं नख त्या कोऱ्या गट्ट्यावर ठेवलं.